माशांचें दुकान

आमच्या घरांत ‘मासा’ हा शब्द आजवर दोनच प्रसंगीं ऐकूं येत असे: दशावतारांचीं नांवें म्हणतांना, आणि आगाशीच्या बाजारावरून येतांना वारा उलटा असला म्हणजे नाकाला पदर लावणाऱ्या मंडळींच्या तोंडून. अशा घरांतील माणसानें माशांच्या दुकानाविषयीं लिहावें याचें कांहीं वाचकांना हसूं येईल. त्यांनीं खुशाल हसावें. ज्या दुकानाविषयीं मी लिहीत आहें तें शोभेच्या माशांचें आहे; चुलीशीं त्याचा संबंध नाहीं. मात्र अशा दुकानाची पारख मला पांच जीव गमावल्यानंतर झाली, आणि त्या पांचांपैकीं तिघांविषयीं मी माझ्या नातवाशीं खोटें वागलों. म्हणून हा लेखनप्रपंच.

धाकट्या नातवास आठवें वर्ष लागलें तेव्हां त्यानें मासे मागितले. मीं होकार दिला. आमची थोरली बहीण आक्का घरांत सर्वांत वडील. तिनें तत्काळ हरकत घेतली. “अरे, ब्राह्मणाच्या घरांत मासे! लोक काय म्हणतील?” मीं म्हटलें, “आक्का, विष्णूनें पहिला अवतार कशाचा घेतला?” ती म्हणाली, “घेतला असेल. पण आपल्या माजघरांत नाहीं घेतला.” शेवटीं माजघराऐवजीं ओटीवर जागा ठरली आणि तह झाला.

नातवास घेऊन मी स्टेशनाजवळच्या एका मोठ्या दुकानांत गेलों. आंत निळ्या-जांभळ्या दिव्यांचा लखलखाट, प्लॅस्टिकचीं फुलें, पाण्यांत झांकण उघडणारा खजिन्याचा पेटारा. विकणाऱ्या तरुणानें काचेचा एक गोल बाउल, रंगीत खडे, खाद्याची डबी आणि सोनेरी गोल्डफिशची जोडी सात-आठ मिनिटांत आमच्या हवालीं केली. एवढ्या अवधींत त्यानें मला एकच प्रश्न विचारला: “काका, रोख कीं मोबाईलवरून?”

तिसऱ्या दिवशीं पहाटे एक मासा पोट वर करून तरंगतांना दिसला. नातू अजून निजलेला होता. माझ्या हातून जें झालें तें लिहावयास संकोच वाटतो, पण लिहितों. मी तो मासा केळीच्या बुंध्याशीं पुरला. ओटीवर आमच्या उपाध्यायांना बसवून ठेवून ‘मुलाला शाळेंतून येऊं द्या, मग दाखवूं’ अशी कांहींतरी सबब घरांत सांगितली, आणि दुपारीं छत्रीच्या आड पिशवी धरून तशाच रंगाचा दुसरा मासा आणला. मुलाला कळलें नाहीं असें मला वाटलें. पुढें दहा दिवसांत आणखी दोनदां मीं हाच उद्योग केला. बत्तीस वर्षें वर्गांत उभें राहून खोटें बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभें केलें, त्या मास्तराचा हा वानप्रस्थ! पुढें एका दिवशीं दोन्ही मासे एकदम मेले, आणि तेंही मुलाच्या डोळ्यांदेखत; तेव्हां लपविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

शेजारच्या एका गृहस्थानें विरारच्या पश्चिमेस, आडगल्लींतील एका लहान दुकानाचें नांव सुचविलें. नातवास घेऊन गेलों. दुकान म्हणजे एक खण. भिंतींना लागून काचेच्या साध्या टाक्या, निळे दिवे नाहींत, खजिन्याचा पेटारा नाहीं. आंत शिरतांच एक गोष्ट नाकाला जाणवली, ती म्हणजे घाण नव्हती. पावसाळ्यांत ओल्या मातीचा येतो तसा मंद वास होता. दुकानदार चाळिशीचा, कमी बोलणारा. मीं दोन गोल्डफिश मागितले. त्यानें ते दिले नाहींत. स्टुलावर बसावयास सांगून विचारलें, “याआधीं किती मेले?”

मी म्हणालों, “दोन.”

नातू म्हणाला, “पांच.”

दुकानांतल्या पंपाची बुडबुड तेवढी ऐकूं येत होती. दुकानदारानें माझ्याकडे पाहिलें नाहीं, याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहें. त्यानें मुलाकडेच वळून विचारलें, “पाणी कुठलें घातलें होतें? विहिरीचें, नळाचें कीं टँकरचें?”

हा प्रश्न आमच्या वसई-विरारच्या माणसालाच सुचावा. येथें एकाच घरांत तीन पाणीं नांदतात. नळाला सूर्या धरणाचें पाणी येतें, त्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो. उन्हाळ्यांत टँकर येतो, त्याचें पाणी कोठून भरलें हें टँकरवाल्यासच ठाऊक. आणि जुन्या वाडीच्या घरांना विहीर असते, तिचें पाणी समुद्राच्या शेजारामुळें जड, कधीं किंचित् मचूळ. आम्ही नळाचें ताजें पाणी घातलें होतें. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. असें पाणी उघड्या भांड्यांत दिवसभर ठेवावें किंवा त्यांत क्लोरीन मारणारें औषध चार थेंब टाकावें, हें मला कोणींही सांगितलें नव्हतें. ‘तांब्याच्या भांड्यांत मात्र ठेवूं नका,’ असेंही त्यानें बजावलें. तांब्याच्या भांड्यांतील पाणी आरोग्यदायक म्हणून आमच्या घरीं तें रोज पितात. माशांना तेंच तांबें विष!

पण खरें कारण याहून खोल होतें, आणि तें त्यानें एका मळकट स्पंजाच्या साहाय्यानें समजाविलें. मासा ज्या पाण्यांत राहतो त्यांतच त्याची विष्ठा पडते आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. नदींत तो वाहून जातो; बाउलमध्यें तो सांचतो आणि माशाला मारतो. मात्र निसर्गांत असे सूक्ष्म जंतु आहेत कीं त्यांतील एक जात अमोनियाचें नायट्राइट करते आणि दुसरी जात त्या नायट्राइटचें नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बरेंच सौम्य असतें, आणि आठवड्यास थोडें पाणी बदललें कीं तेंही हटतें. हे जंतु नव्या काचेंत नसतात. स्पंजावर, वाळूवर त्यांची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आमचे पांचही मासे त्या वस्तीच्या आधीं गेले. “काका, तुम्ही माशांना घर दिलें, पण घराला मोरी नव्हती,” असें तो म्हणाला. ज्यानें जन्मभर संस्कृत शिकविलें त्याला हा दृष्टांत ऐकून मान डोलवावी लागली.

त्यानें त्या दिवशीं आम्हांला एकही मासा विकला नाहीं. दोन हात लांबीची साधी टाकी, हवेचा लहान पंप आणि स्पंज फिल्टर एवढेंच घ्यावयास लावलें. आपल्या चालू टाकींतील जुन्या स्पंजाचा तुकडा कापून पिशवींत घालून दिला. त्यांत जंतूंचें विरजण होतें, आणि त्याचे त्यानें पैसे घेतले नाहींत. मुलाला सांगितलें, “रोज चिमूटभर खाद्य टाक, मासे नसले तरी. महिन्यानें ये.” रिकाम्या टाकीला खाऊं घालावयाचें ही कल्पना नातवास फार आवडली.

परततांना रिक्षेंत मीं त्याला विचारलें, “पांच हें तुला कसें कळलें?” तो म्हणाला, “पहिल्याच्या शेपटीवर काळा ठिपका होता, आजोबा.” “मग तूं बोलला कां नाहींस?” “तुम्हांला वाईट वाटलें असतें.” यावर मला पुढें कांहीं विचारवेना. घरीं पोहोंचल्यावर मीं त्याची क्षमा मागितली. आक्का ओटीवर वाती वळीत होती. तिनें सर्व ऐकलें, आणि नवल असें कीं ती एक शब्दही बोलली नाहीं.

शतपथ ब्राह्मणांत मनूची कथा आहे. सकाळीं हात धुण्याच्या पाण्यांतून एक लहानसा मासा त्याच्या हातीं आला आणि त्यानें आपलें पालन करण्याची विनंति केली. कारण लहान आहे तोंवर मासाच माशाला गिळतो. पालन कसें करावें हेंही त्यानेंच सांगितलें: प्रथम घटांत ठेव, त्यांत मावेनासा झालों कीं खड्डा खणून त्यांत ठेव, आणि तोही अपुरा पडला कीं समुद्रास ने. ही कथा मीं वर्गांत कितीदां सांगितली असेल, पण माझें सर्व लक्ष पुढच्या प्रलयाकडे आणि नौकेकडे असे. घटाकडे कधीं लक्ष गेलें नाहीं. ज्या गोल्डफिशला मीं बाउलमध्यें ठेवलें तो नीट जगला तर वीतभर होतो आणि पुष्कळ वर्षें जगतो, हें त्या लहान दुकानांत मला कळलें. माशाबरोबर त्याच्या पुढच्या भांड्याची गोष्ट सांगतो तो दुकानदार खरा.

त्या महिन्यांत, फिरावयास निघालों कीं, माझे पाय आपोआप त्या गल्लीकडे वळत. स्टुलावर बसून जें पाहिलें त्यांतील थोडें येथें देतों. चेन्नईच्या कोळत्तूर भागांत, कोलकात्याजवळ हावड्यास हे मासे मोठ्या प्रमाणावर वाढवितात. तेथून प्राणवायु भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून ते उपाशीपोटीं प्रवास करीत येतात. प्रवासानें थकलेला मासा त्याच सायंकाळीं विकून टाकण्याचा मोह दुकानदारास होणें स्वाभाविक आहे, कारण मेला तर तो गिऱ्हाइकाच्या घरीं मरतो. हा मनुष्य नव्या माशांना मागच्या बाजूच्या टाक्यांत आठ-दहा दिवस वेगळें ठेवी आणि त्यांवर कागद चिकटवी, ‘विक्रीस नाहीं’. एका टाकीची जाळी तो दुसऱ्या टाकींत घालीत नसे. आमच्या घरीं सोंवळ्या-ओंवळ्याचीं भांडीं वेगळीं असतात, त्याची मला आठवण झाली. येथें त्या शिस्तीला रोगाच्या रूपानें धडधडीत कारण होतें.

एकदां एक कुटुंब अरोवाना मागावयास आलें. घरावरचें संकट तो मासा आपल्यावर घेतो, अशी समजूत कोणीं त्यांच्या मनांत भरविली होती. दुकानदारानें विचारलें, “तीन फूट लांब होतो, टाकी केवढी आहे?” टाकी दोन फुटांची होती. ते रागानें निघून गेले. दुसरा एक तरुण ‘टाकी साफ करणारा’ सकर मासा मागूं लागला. त्याला उत्तर मिळालें कीं टाकी साफ करणें हें टाकीच्या मालकाचें काम आहे. हा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा, हातभर वाढतो, आणि मग कंटाळलेले लोक त्याला जवळच्या पाण्यांत सोडून देतात. २०२० सालीं तो वाराणसीजवळ गंगेंत सांपडला होता. आमच्या वसईंत वाड्यांना पाणी देणारीं बावखलें आहेत. तीं आधींच भरावाखालीं चाललीं आहेत, जीं उरलीं त्यांत हे परदेशी पाहुणे सोडणें म्हणजे अधिक अनर्थ. म्हणून नको झालेला मासा हा मनुष्य परत घेतो. पैसे देत नाहीं, पण घेतो.

त्याच्यांत दोष नाहींत असें नाहीं. दुकान उघडण्याची वेळ कधीं पाळत नाहीं. दोन पैसे अधिक घेतो. कुर्ल्याच्या बाजारांत तोच मासा स्वस्त मिळतो. आणि दाराजवळच्या टाकींत त्यानें कपाळावर आवाळूं असलेला फ्लॉवरहॉर्न नांवाचा एक मुद्दाम पैदा केलेला मासा ठेवला आहे. हा मला पाहवत नाहीं. तसें बोलून दाखविलें तेव्हां तो म्हणाला, “काका, दुकानाचें भाडें तो भरतो.” माझ्याकडे उत्तर नव्हतें, आणि त्यालाही तें सांगतांना फारसा अभिमान वाटत नव्हता.

शाळेंत असतांना मुलांची सहल घेऊन मी मुंबईस मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयांत गेलों होतों. १९५१ सालीं उघडलेली ती वास्तु त्या काळीं कोंकणांतल्या प्रत्येक शाळेचें आकर्षण होती. मोठमोठ्या काचांपुढें मुलें आ वासून उभीं राहत. मीं त्यांना कल्याणीच्या सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत मानसोल्लास ग्रंथांत माशांच्या जाती कशा वर्णिल्या आहेत तें सांगितलें होतें. काचेमागील पाणी कोण बदलतो हा प्रश्न ना मुलांनीं विचारला, ना मला सुचला.

महिना संपल्यावर आम्ही दोघे पुन्हां गेलों. नातवानें आपल्या वाडीच्या विहिरीचें पाणी बाटलींत भरून बरोबर घेतलें होतें. दुकानदारानें त्यांत कागदाची पट्टी बुडवून रंग पाहिला आणि म्हणाला, “हें पाणी जड आहे. गोल्डफिशला टाकी लहान पडेल. निऑन टेट्राला हें मानवणार नाहीं. गप्पी ने.” डांसांच्या अळ्या खातात म्हणून मलेरियावर उपाय या नात्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्यांना या देशांत आणलें तेच हे गप्पी. मीं मनांत म्हटलें, हे तर सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात! पण त्याच्या टाकींतील गप्पींच्या शेपट्या मोराच्या पिसाऱ्यासारख्या होत्या, आणि नातवानें चार माद्या व दोन नर स्वतः निवडले. घरीं आल्यावर पिशवी वीस मिनिटें टाकींत तरंगत ठेवून, थोडथोडें पाणी मिसळून, मगच मासे सोडले. आक्का काठी टेकीत येऊन पाहून गेली.

तेराव्या दिवशीं सकाळीं एक नर मेला. या वेळीं तो प्रथम नातवासच दिसला. त्यानें मला उठविलें, आम्ही दोघांनीं मिळून तो जास्वंदीखालीं पुरला, आणि त्यानें भिंतीवरच्या कॅलेंडरांत त्या तारखेवर फुली मारून शेजारीं ‘पांच’ असें लिहिलें. पुढच्या महिन्यांत एका मादीला पिलें झालीं. आईबापच तीं खातात, म्हणून पाणवनस्पतींच्या झुपक्यांत तीं दडून बसतात. कॅलेंडरावरचा आंकडा आक्कानें विचारला तर नातू सांगतो, पिलें एका जागीं थांबत नाहींत, म्हणून अजून मोजून झालीं नाहींत.