सिल्क स्ट्रीमच्या काठाने

एजवेअर म्हटलं की आपल्या लोकांना आठवतं ते नॉर्दर्न लाइनचं शेवटचं स्टेशन आणि भारतीय किराण्याची दुकानं. १९२४ साली इथवर ट्यूब आली आणि पुढच्या काही वर्षांत शेतांच्या जागी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. या घरांच्या मागून, रस्त्यांच्या खालून एक नदी जाते, हे मात्र इथे दहा-दहा वर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. तिचं नाव सिल्क स्ट्रीम. एजवेअर ब्रुक आणि डीन्स ब्रुक हे दोन ओढे एजवेअरमध्ये मिळतात आणि तिथून तिला हे नाव लागतं. लांबी सुमारे चार किलोमीटर. आपल्याकडे हिला कुणी ओढाच म्हटलं असतं.

मी वाईची. लग्नाआधी साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवत होते. उगम, उपनदी, संगम, मुख हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील! आमच्या थोरल्याला, वय वर्षं सात, शाळेत ‘घराजवळची नदी’ काढायला सांगितली होती. त्याने कृष्णा काढली, घाटावरच्या ढोल्या गणपतीसकट. बाईंनी चित्राचं कौतुक केलं. घरी येऊन तो म्हणाला, “ही आजीची नदी झाली. आपली कुठली?”

त्याच दिवसांत रोज रात्री मुलं झोपल्यावर आमचं दोघांचं वेगळंच बोलणं चालू होतं. पुण्याला परत जायचं, की इथेच घर घ्यायचं? त्यामुळे त्याचा प्रश्न मला जरा जास्तच लागला.

माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी इथे आली होती. गौरी आठवड्यावर आलेल्या. एका शनिवारी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही पाच जण निघालो. धाकटी चार वर्षांची, म्हणून बग्गीही घेतली.

सुरुवात केली एजवेअरच्या पुढच्याच स्टेशनावरून, बर्न्ट ओकहून. तिथून सिल्कस्ट्रीम पार्क आणि त्याला लागून माँट्रोझ पार्क चालत काही मिनिटांवर आहेत. पूर्वी इथे नदीचं पात्र सरळ करून टाकलेलं होतं. अलीकडे ही दोन्ही उद्यानं नव्याने केली तेव्हा तिला पुन्हा वळणं दिली आणि काठाला पाणथळ जागा सोडल्या. लंडनची माती चिकण, पाऊस आत मुरत नाही, लगेच वाहून ओढ्यांना येतो. वळणांमुळे तो वाटेत थबकतो आणि पुढची घरं वाचतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “नदीला पसरायला जागा ठेवावीच लागते. नाही ठेवली तर ती घेतेच.”

मुलांनी पुलावरून काटक्या सोडल्या. थोरल्याची काटकी वळणाच्या बाहेरच्या कडेने सुसाट गेली, धाकटीची आतल्या बाजूच्या खड्यांत अडकली. बाहेरच्या काठाला पाणी जोरात असतं, तिथे ते माती खातं; आतल्या काठाला संथ होतं, तिथे गाळ टाकतं. जो धडा शिकवायला मला एक अख्खा तास लागायचा, तो दोन काटक्यांनी पाच मिनिटांत शिकवला.

थोडं पुढे गेल्यावर आई थांबलीच. “अगं, हा तर तेरडा!” काठावर गुलाबी फुलांची पुरुषभर उंचीची झाडं दाटली होती. आपल्या गौरींच्या तेरड्याचाच हा भाऊबंद, हिमालयातला. १८३९ साली शोभेसाठी इंग्लंडात आणला, तो बागांतून निसटून देशभरच्या नदीकाठांवर पसरला. शेंगेला हात लागला की ती फुटते आणि बिया दूरवर उडतात. तो इथल्या रोपांना वाढू देत नाही, म्हणून स्वयंसेवक दर उन्हाळ्यात तो उपटत असतात. मुलांना शेंगांना हात लावू दिला नाही. आई बराच वेळ बघत राहिली. “लांबून आलाय आणि फार रुजलाय,” एवढंच म्हणाली. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं, बोललो काहीच नाही.

पुढे वाट सलग नाही. कॉलिंडेलच्या नव्या उंच इमारतींजवळून रस्त्यानेच जावं लागतं, नदी मध्येच दिसते, मध्येच गडप होते. धाकटी बग्गीत झोपली. ती जागी झाली ती कूल ओक लेनच्या पुलाशी, समोर पाणीच पाणी पाहून.

हा ब्रेंट जलाशय, लोकांच्या तोंडी वेल्श हार्प. एजवेअर रोडवर याच नावाचा एक गुत्ता होता, त्यावरून पडलेलं नाव. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी १८३५च्या सुमारास नदी अडवून तो बांधला. १८४१च्या जानेवारीत बांध फुटून खाली ब्रेंटफर्डला पूर आला, माणसं दगावली. आज इथे पक्षी सुखाने राहतात. आपल्या टिबुकलीची मोठी, तुरेवाली बहीण दिसली. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे पक्षी होते. आपल्याकडे त्यांना वारकरी म्हणतात हे आजीने सांगताच धाकटी त्यांना “माउली, माउली” म्हणून हाका मारू लागली.

दशम्या खाताना आईने विचारलं, “हिचं पुढे काय?” थोरल्यानेच फोनवरच्या नकाशावर बोट फिरवलं. इथे ही ब्रेंट नदीला मिळते, पुढे नाव ब्रेंट, ब्रेंटफर्डला थेम्स, मग समुद्र. जलाशयाच्या दक्षिणेला डॉलिस हिल, जिथे १९३२ साली स्थापन झालेल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. म्हणजे गणपतीला जाताना आपण याच नदीच्या खोऱ्यातून जातो! महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा चौदाशे किलोमीटर जाते, ही चार. आईने उठून लांबूनच पाण्याला नमस्कार केला. मुलांनीही केला.

ऑक्टोबरात आई परत गेली. घराचं अजून ठरलेलं नाही. पण रात्री जोराचा पाऊस लागला की थोरला सकाळी विचारतो, “आपली नदी चढली असेल ना?” दोघांपैकी कुणीच आता त्याला दुरुस्त करत नाही.

जायचं असेल तर बूट चिखलाचे घाला. पाण्यात हात घालू नका, शहरातल्या गटारांचं पाणी त्यात येतं. मुलांसकट रमतगमत चार तास धरा. परतीला एजवेअर रोडवर ३२ नंबरची बस थेट एजवेअरला आणते.