अँटवर्पमधील आठ तासांचा दिवस

बेल्जियममधील अँटवर्प हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस ५१ अंशांवर वसले आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचार-पावणेपाचच्या दरम्यान मावळतो. दिवस आठ तासांचाही भरत नाही. त्याच तारखेला भिवंडीत सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहानंतर, म्हणजे अकरा तासांचा दिवस. प्रवास कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत नाताळच्या रोषणाईची छायाचित्रे असतात; हा तीन तासांचा फरक मात्र कोठेही छापलेला नसतो. ज्या घरात चौविहार आहे, त्या घराला नेमका तोच आधी पाहावा लागतो. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे साडेनऊच्या पुढे. आणि चौविहार साडेचारच्या आत. उरलेल्या सात तासांत खाणे, पिणे, औषधे आणि शहर पाहणे.

डिसेंबर २०२४ मध्ये भिवंडीतील एक दांपत्य हा हिशेब मांडूनच निघाले. कारखान्यातील कामगार त्यांना शेठ आणि भाभी म्हणतात; येथेही तीच नावे पुरेत. भाभींचा चौविहार १९ वर्षांचा आहे. पॅरिस आणि स्वित्झर्लंड सोडून अँटवर्प निवडण्याची कारणे दोन : तेथे शिखरबंद देरासर आहे, आणि तेथे साधर्मिकांची वस्ती आहे. तिसरे कारण दोघांनीही बोलून दाखवले नव्हते. घरामागच्या कारखान्यातील २४ यंत्रमाग मोडीत काढून ती जागा गोदामासाठी एका कंपनीला भाड्याने द्यावी, असा मुलाचा प्रस्ताव होता आणि उत्तर ३१ डिसेंबरच्या आत हवे होते. मागांच्या खडखडाटापासून दूर बसून विचार करावा, असे दोघांच्याही मनात होते.

ब्रुसेल्सच्या विमानतळावरून आगगाडीने अँटवर्पला पोहोचण्यास पाऊण तासही लागत नाही. तेथील मध्यवर्ती स्थानक १९०५ मध्ये पूर्ण झाले. दगडी घुमट आणि संगमरवरी जिने पाहून नवखा प्रवासी त्याला राजवाडाच समजेल. गाड्या मात्र आता एकाखाली एक अशा मजल्यांवरून सुटतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची आठवण व्हावी असे हे स्थानक आहे. फरक एवढाच की येथे वर पाहण्यास सवड मिळते.

खाण्याबाबत सावध राहावे लागते. रस्तोरस्ती मिळणारे वॅफल अंड्याविना क्वचितच होते. बटाट्याचे तळलेले काप तर कंदमूळ म्हणून आपल्याला वर्ज्यच, पण तेथे ते पारंपरिक पद्धतीने गोमांसाच्या चरबीत तळतात, हे कंदमूळ खाणाऱ्या शाकाहारी प्रवाशांनीही लक्षात ठेवावे. चॉकलेटच्या डब्यावर जिलेटिन आणि मद्य यांची नोंद शोधूनच डबा घ्यावा. भाभींनी खाकरा, मेथीचे थेपले, सुका मेवा आणि मुगाच्या डाळीचे पुडे नेले होते, आणि राहण्याची जागाही स्वयंपाकघर असलेलीच घेतली होती. बाहेर तापमान तीन-चार अंश, त्यात बारीक पाऊस. दुपारी तीन वाजता घरी परतून गरम खिचडी, चारला ताट आवरलेले, आणि साडेचारला शेवटचे पाणी. त्या वेळी भिवंडीत रात्रीचे नऊ वाजलेले असत.

शहराच्या मुख्य चौकात ब्राबो नावाच्या वीराचा पुतळा असलेले कारंजे आहे. दंतकथा अशी की शेल्ड नदीच्या काठी अँटिगून नावाचा राक्षस राहत असे. जो नावाडी कर देणार नाही, त्याचा हात तो तोडी. ब्राबोने त्या राक्षसाचाच हात तोडून नदीत फेकला. ‘हात फेकणे’ यावरूनच शहराचे नाव पडले, असे तेथील लोक कौतुकाने सांगतात. भाषापंडितांना ते मान्य नाही. शेठना ही कथा फार आवडली, कारण ती शुद्ध जकातीची कथा आहे. भिवंडीची गोदामेही जकातीनेच वाढवली. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवावा, साठवावा, आणि गरजेपुरताच आत न्यावा, या व्यवहारातून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीची शेते पत्र्यांखाली गेली. मुंबईची जकात २०१७ मध्ये गेली. गोदामे मात्र राहिली आणि वाढतच गेली. राक्षस मेला तरी त्याच्या भीतीने बांधलेली घरे उभीच राहतात.

व्यापारी कुटुंबाने या शहरात कोठे थांबावे, असे विचारले तर कॅथीड्रलचा १२३ मीटर उंच मनोरा आणि आतली रूबेन्सची चित्रे पाहून झाल्यावर जुन्या बोर्सकडे वळावे. १५३१ मध्ये बांधलेली ही इमारत केवळ व्यापाऱ्यांनी एकत्र जमावे यासाठी उभारलेली होती. मध्ये अंगण, भोवती कमानींची ओवरी, आणि चारही बाजूंच्या रस्त्यांवरून आत येण्याची वाट. कोणत्याही देशाच्या आणि कोणत्याही भाषेच्या व्यापाऱ्यांसाठी ही वास्तू आहे, असे तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलेले होते. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजची कल्पना टॉमस ग्रेशम यांनी येथूनच उचलली. मूळ इमारत आगीत गेली. आजची १८७२ ची असून २०१९ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. आता तेथे समारंभ होतात.

आपल्या हुंडीचीच बहीण शोभेल अशी युरोपीय विनिमयपत्रे सोळाव्या शतकात या शहरात हातोहात फिरत. पत्राच्या पाठीवर सही करून ते दुसऱ्याच्या नावे करावे, मुदतीआधी वटाव कापून रोख घ्यावी, ही पद्धत येथेच रुळली. पृष्ठांकन हा शब्द बँकेत आज कोणी थांबून ऐकत नाही, पण त्यामागचा विचार मोठा आहे : ज्याला कधी पाहिलेले नाही, त्याच्या सहीवर तिसऱ्याने पैसे द्यायचे.

आणि हे सारे किती लवकर विस्कटले! १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी शहर लुटले. १५८५ मध्ये वेढ्यानंतर शहर स्पेनच्या स्वाधीन झाले. प्रोटेस्टंट रहिवाशांना धर्म बदला किंवा चार वर्षांत आवराआवर करून निघा, असे सांगण्यात आले. लाखाच्या आसपास असलेली वस्ती काही वर्षांत निम्म्याच्याही खाली आली. तिकडे शेल्ड नदीचे मुख डच लोकांनी अडवून धरले. व्यापारी गेले ते अ‍ॅमस्टरडॅमला, आणि आपले भांडवल, ओळखी, हिशेबाची रीत सारे बरोबर घेऊन गेले. अंगण, ओवरी, चारही वाटा जागच्या जागीच होत्या.

प्लांतिन-मोरेटस संग्रहालयास भाभींनी पूर्ण दुपार दिली. मुद्रक क्रिस्तोफ प्लांतिन आणि त्याचे वंशज यांचे हे घर आणि छापखाना १८७६ मध्ये शहराने विकत घेतला; २००५ पासून तो जागतिक वारसा आहे. जगातील सर्वांत जुने छपाईयंत्र पाहायला लोक येतात. भाभींचे लक्ष होते पेढीच्या जमाखर्चाकडे. या घराण्याने आपल्या हिशेबाच्या वह्या आणि पत्रव्यवहार तीनशे वर्षे जपला आणि प्लांतिनची सुरुवातीची खाती इटालियन दुहेरी पद्धतीने ठेवलेली आहेत. दिवाळीत चोपडा पूजन करणाऱ्या घराला याहून वेगळे तीर्थ दाखवावे लागत नाही. याच शहरातील यान इम्पिन नावाच्या व्यापाऱ्याने दुहेरी नोंदीवर डच भाषेतील पहिल्या पुस्तकांपैकी एक लिहिले. तो १५४० मध्ये वारला. पुस्तक छापून निघाले १५४३ मध्ये, आणि ते काढले त्याच्या विधवा पत्नीने. कारखान्याची रोजमेळ आणि खतावणी तीस वर्षे भाभींच्या हातची आहे. गेली तीन वर्षे मागांचे खाते तोट्यात आहे, हे त्या जाणतात. शेठही जाणतात, पण आकडा त्यांनी कधी विचारला नव्हता. त्या संध्याकाळी विचारला.

स्थानकालगतच हिऱ्यांची पेठ आहे. होव्हेनियर्सस्ट्राट हा तिचा कणा : जेमतेम काहीशे पावलांची गल्ली, वाहनांना बंदी, जागोजागी कॅमेरे. १९८१ मध्ये येथे बॉम्बस्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे. तरीही फेब्रुवारी २००३ मध्ये याच पेठेतील तळघरातून चोरांनी शंभराहून अधिक लॉकर फोडले. बहुतेक माल आजवर सापडलेला नाही. लॉकरची किल्ली म्हणजे सुरक्षितता, असे मानणाऱ्यांनी ती हकीकत अवश्य वाचावी.

या पेठेची खरी तिजोरी वेगळी आहे. सौदा ठरला की दोघे हात मिळवतात आणि हिब्रूतील दैव आणि आशीर्वाद या अर्थाचे दोन शब्द उच्चारतात : मझल उब्राखा. विकणारा यहुदी असो वा पालनपूरचा जैन, शब्द तेच, आणि त्यानंतर माघार नाही. ब्राझीलच्या खाणी सापडण्यापूर्वी युरोपात येणारा हिरा भारतातूनच येई. गोवळकोंड्याचे खडे येथे पैलू पाडले जात. विसाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत पालनपूरचे तरुण उलट वाटेने आले. मोठ्या पेढ्यांना नको असलेले बारीक खडे ते घेत, सुरत-मुंबईला पैलू पाडून घेत, आणि नफा कमी ठेवून उलाढाल वाढवीत.

ज्या घरी शेठ-भाभींना जेवायला बोलावले होते, ते असेच सत्तरच्या दशकात आलेले कुटुंब. आता तेथेही चिंता आहे. प्रयोगशाळेतील हिऱ्याने भाव पाडले. २०२४ च्या आरंभापासून रशियाच्या हिऱ्यांवर युरोपने बंदी घातली. कच्च्या मालाचा मोठा व्यापार दुबईकडे सरकला आणि या घरचा धाकटा मुलगाही तिकडेच गेला. यजमानांनी हे सांगितले ते तक्रारीच्या सुरात नाही. “आम्ही पालनपूर सोडले तेव्हा तिथले घरही असेच बंद केले होते,” एवढेच ते म्हणाले.

त्यांच्याच गाडीतून दुसऱ्या दिवशी दुपारी विलराइक उपनगरातील देरासराचे दर्शन झाले. पांढऱ्या संगमरवराचे भाग भारतात घडवून, जहाजाने आणून येथे जोडले आहेत. २०१० मध्ये ते दर्शनासाठी खुले झाले आणि भारताबाहेरील मोठ्या जैन मंदिरांत त्याची गणना होते. करड्या आभाळाखाली, पानगळ झालेल्या झाडांमधून ते शिखर अचानक दिसते, तेव्हा क्षणभर आबू-राणकपूरच डोळ्यांपुढे उभे राहते. भगवान पार्श्वनाथांसमोर भाभी बराच वेळ बसल्या. बाहेर आल्यावर त्यांनी यजमान गृहिणीला विचारले ते चौविहाराबद्दलच. उत्तर मजेशीर होते. जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो, तेव्हा चौविहार कोणालाही जमतो. डिसेंबरात कार्यालयातून साडेचारला उठता येत नाही, म्हणून कोणी डब्यातले चारलाच खाते, कोणी एकासणे करते, कोणी सोडून देते. सोडून देणाऱ्यांबद्दल बोलताना त्या माउलीचा स्वर जराही कठोर झाला नाही.

साडेचारनंतर उरते ती सोळा तासांची रात्र. प्रतिक्रमण झाल्यावर दोघे कोट चढवून बाहेर पडत. नाताळच्या बाजारातील दिवे पाहावेत, काही न खाता पुढे जावे, आणि शेल्डखालून गेलेल्या पादचारी भुयाराकडे वळावे, असा क्रम ठरून गेला. १९३३ चे हे भुयार ५७२ मीटर लांब आहे. खाली नेणारे सरकते जिने आजही मूळचे लाकडी आहेत, आणि त्यांचा ठेका ऐकून शेठ पहिल्या दिवशी थबकले. तो आवाज मागाचा नव्हे, पण त्याच्या नात्यातला खरा.

भुयारातच एके रात्री बोलणे निघाले. माग किलोच्या भावाने भंगारात जाणार, याचे दुःख शेठना होते; ते त्यांनी गिळले होते. अडत होते ते दुसरीकडे. कारखान्यामागे तीन खोल्या आहेत. शेठच्या वडिलांनी तीन विणकरांना शब्द दिला होता की हयातीपर्यंत खोली तुमची. त्यांतील दोघे हयात आहेत, तिसऱ्याची पत्नी आहे. गोदामाच्या करारात ती जागाही मोजलेली होती.

“खोल्यांचा काही कागद आहे का, अहो?” भाभींनी विचारले.

“कागद कुठला? बापूजींचा शब्द.”

“मग करारात त्या जागेचे माप नको.”

शेठ काही बोलले नाहीत. भुयाराच्या दुसऱ्या टोकाला वर आल्यावर नदीपलीकडे कॅथीड्रलचा उजळलेला मनोरा दिसतो. तेथे वाऱ्यात उभे राहून त्यांनी मुलाला फोन लावला. भिवंडीत मध्यरात्र उलटून गेली होती. मुलगा जागाच होता. खोल्या वगळल्या तर ट्रक वळवायला जागा कमी पडेल, कंपनी भाडे उतरवेल, कदाचित नाहीच म्हणेल, असे त्याने सांगितले. शेठ म्हणाले, नाही म्हणाली तर दुसरी पाहू. आणि माग विकले की पहिली रक्कम कामगारांच्या देण्याची.

भाभींनी हातमोजा काढला, पिशवीतून डायरी काढली आणि दिव्याखाली उभे राहून भाड्याचा नवा आकडा मांडला. त्याच पानावर कामगारांची नावे, प्रत्येकाची नोकरीची वर्षे आणि देण्याची रक्कम त्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच लिहून ठेवलेली होती.