छापा नव्हे, ठिपके

नम्पाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीवर मी कित्येक वर्षं तोंडसुख घेतलं. बेरीज करताना एका रकान्याचा अ‍ॅरे पाच रकान्यांवर बिनबोभाट पसरतो. पण तसाच एका रकान्याचा ट्रू-फॉल्स मास्क चौकटी कंसात घातला, की आकार जुळत नाही म्हणून फटकन एरर. हा भेदभाव कशाला? लिहिणाऱ्यांचा आळस, असं मी नवख्यांना बेधडक सांगायचे.

तंजावरला पावसाचे आकडे हाती आले आणि घमेंड उतरली. ओळींत दिवस, रकान्यांत तालुके. ऐप्पसी महिन्यातले मुसळधार पावसाचे 4 दिवस एका मास्कने निवडले. कुंभकोणम, पापनाशम, तिरुवैयारु, पट्टुक्कोट्टै हे 4 तालुके दुसऱ्याने. मध्ये स्वल्पविराम देऊन दोन्ही एकाच कंसात टाकले. यायला हवे होते 16 आकडे, आले 4. पहिल्या दिवसाचं कुंभकोणम, दुसऱ्याचं पापनाशम, अशा तिरक्या जोड्या. त्यांचीच सरासरी काढून मी पाठवूनही दिली. दिवस 5 निघाले असते तर एरर आली असती आणि अब्रू वाचली असती.

माझ्या डोक्यात मास्क म्हणजे रांगोळीचा छापा. दोन छापे एकावर एक ठेवले की हवी ती घरं आपोआप उघडी राहणार! इथल्या आमच्या घरमालकीण अम्मा मार्गळी महिन्यातल्या पहाटे छाप्याला हात लावत नाहीत. ठिपके मोजत जातात, मग कोलम, म्हणजे इथली रांगोळी. नम्पायचंही तसंच. ट्रू कुठे कुठे आहे त्याचे क्रमांक तो उतरवून घेतो आणि मास्क बाजूला ठेवतो. एका रकान्याच्या मास्कमधला ट्रू फक्त ‘अमुक ओळ, पहिला रकाना’ एवढंच सांगतो. तो पाच रकान्यांवर ताणला, तर जितके ट्रू तितक्या जागा हा हिशेबच मोडतो. मी ज्याला आळस म्हणत होते तो नकार रास्त होता.

मिती वाढवायची ती मास्कची नव्हे, क्रमांकांच्या यादीची. नॉनझीरोने दिवसांचे क्रमांक काढले, न्यूअ‍ॅक्सिस लावून उभे केले, तालुक्यांचे आडवे ठेवले. 16 आकडे हजर. आयएक्स हे फंक्शन हेच एका फटक्यात करतं. व्हेअर या फंक्शनमध्ये मात्र मास्क खुशाल ताणला जातो, कारण तिथे वेचायचं काही नसतं. प्रत्येक घरात हा आकडा की तो, एवढंच ठरतं.

संख्या योगायोगाने जुळल्या की नम्पाय गप्प बसतो, ही अढी मात्र अजून आहे. सुधारलेला तक्ता पाठवताना खाली लिहिलं: आधीचे आकडे कर्णावरचे होते, चूक माझी.