बिजलीचे केस

मैत्रिणींनो, या पानांवर तुम्ही लोणच्याला आलेली बुरशी, रेशमी साडीवरचा डाग, बाळाची टाळू असल्या गोष्टी वाचता. आज मी सांगणार आहे घोडी कशी भादरायची ते. हसू नका! घोडी तुमच्या घरी नसणार, हे मलाही ठाऊक आहे. पण न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं की घर डोक्यावर घेणारं एखादं पोर, सुई पाहून पांढरं पडणारं एखादं मोठं माणूस तर असेल? मग शेवटपर्यंत वाचा.

आम्ही राहतो वाईजवळ, मळ्यात. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी. तिथल्या टेबल लँडवर पाहुण्यांना फिरवून आणणारे घोडे तुम्ही पाहिले असतील. बिजली त्यांतलीच एक. बुटकी, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. वय झालं, पाय दुखायला लागले, तशी मालकाने ती विकायला काढली. २०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या ह्यांनी ती घरी आणली. मी चिडलेच.

"अहो, दोन म्हशींचं करता करता माझा जीव जातोय. त्यात ही म्हातारी कशाला?"

"तिचं काय करायचंय? कोपऱ्यात उभी राहील बिचारी," हे म्हणाले.

उभी राहिली खरी. पण चंदी भिजवण्यापासून खरारा करण्यापर्यंत सगळं हळूहळू माझ्याकडेच आलं. आणि खरं सांगू का, सकाळी मागचं दार उघडलं की ती जी फुरफुरायची, ते ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागेनासा झाला.

घोड्याच्या अंगावर थंडीत दाट केस येतात आणि दिवस मोठा होऊ लागला की आपोआप झडतात. खराऱ्याने ओंजळी ओंजळी निघतात. २०२१ च्या उन्हाळ्यात बिजलीचे केस नीट झडले नाहीत. पुढच्या मार्चात तर ती अगदी अस्वलासारखी दिसू लागली. बोटभर लांब, कुरळे केस! सावलीत उभी असली तरी पोट घामाने भिजलेलं, बादल्याच्या बादल्या पाणी पिणं, आणि पुढच्या पायांच्या काखेत ओलसर चट्टे.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण मुलगी, पण हात मोठा समजूतदार. दात पाहून म्हणाल्या, "बावीस-तेवीस वर्षांची तरी असेल." रक्त तपासायला पाठवलं. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते. म्हाताऱ्या घोड्यांमध्ये ती कधीकधी बिघडते, आणि मग अंगावरचे केस झडायचं विसरतात. या दुखण्याला घोड्यांचं कुशिंग म्हणतात. ते बरं होत नाही, पण रोजच्या गोळीने आटोक्यात राहतं. गूळ आणि गोडाची चंदी बंद, कारण त्याने खुरांच्या आत सूज येते. शेवटी त्या म्हणाल्या, "काकू, हिचे केस काढायलाच हवेत. असल्या केसांत ही एप्रिल-मे काढणार नाही."

आता आमची फजिती ऐका. ओळखीच्या एका पागेतून विजेवर चालणारं केस कापायचं यंत्र आणलं. लांब वायरीचं, भुंग्यासारखं घोंघावणारं. पत्र्याची पेटी उघडताच बिजलीने डोळे फिरवले, नाकपुड्या फुगवल्या. मळ्यावरच्या मोतद्दार मामांनी जुन्या पद्धतीने तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून काठीने पीळ दिला, दोघांनी म्होरकी धरली आणि यंत्र मी चालवायला घेतलं. मान झाली, खांदा झाला, एक कूस अर्धी झाली. ती थरथरत होती, पाय आपटत होती. "धरा, घट्ट धरा, थोडंच राहिलंय," असं मी ओरडत होते. होय, मीच.

वीस मिनिटं झाली असतील. ती एकदम मागच्या पायांवर उभी राहिली. मामा उलटे पडले, त्यांचं मनगट मोडलं. दावं तोडून ती काटेरी कुंपणातून पार पलीकडे. माणसं तिच्यामागे धावली. खाली पडलेलं यंत्र अजून घोंघावत होतं. बंद करावं म्हणून मी ते उचललं, तर पातं माझ्या मनगटाला लागलं. मैत्रिणींनो, तव्याचा चटका बसावा तसा चटका! यंत्र चालून चालून पातं तापतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नखरे करते, हट्टी आहे, म्हणून जिला दटावत होते, ती बिचारी मला चटके बसताहेत एवढंच सांगत होती.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बिजली अर्धवट कापल्या अंगाने बांधावर उभी राहिली. मी पाण्याची बादली घेऊन गेले, तर चार पावलं मागे सरली. तीन वर्षांहून जास्त काळ माझ्या हातून खाणारी घोडी!

रात्री झोप लागेना. मनगटावरच्या फोडाला कोरफड लावत बसले होते आणि मला माहेरची आजी आठवली. एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली, लाल आलवणातली माझी आजी. दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दाराने यायचा. मी सहा-सात वर्षांची असेन. तो विहिरीजवळच्या दगडावर पेटी ठेवायचा, खट् असा आवाज व्हायचा, आणि स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या आजीचे हात थांबायचे. वस्तरा अजून पेटीतच असायचा. पहिल्यांदा तिचे केस उतरवले त्याला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती, तरी त्या आवाजाने हात थांबायचे ते थांबायचेच. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्येच, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने जाहीर केलं होतं. आमच्या घराच्या मागच्या दारापर्यंत ते पोचायला फार वर्षं लागली.

आजीची आणि घोडीची बरोबरी करते आहे, असं कृपा करून समजू नका. मला फक्त एवढंच उमगलं, की बिजलीची भीती पात्याच्या कितीतरी आधी, पेटीपाशी सुरू होते. मग तिची समजूतही पेटीपासूनच काढायला हवी.

पण उन्हाळा काही थांबणार नव्हता. डॉक्टरीणबाईंना विचारलं, इंजेक्शन देऊन गुंगी आणता येईल का? त्या म्हणाल्या, "येईल, पण ते डॉक्टरनेच द्यायचं. आणि गुंगीतलं घोडंसुद्धा अचानक लाथ मारतं. शिवाय केस पुन्हा येणारच. दर वेळी टोचायचं का?" शेवटी घाट उतरून आलेल्या एका धनगराकडे त्याची मेंढरं कातरायची कातर मागितली. तिला आवाज नाही, थरथर नाही. रोज सकाळी थोडंथोडं करत नऊ दिवसांत पोट, काखा आणि दुसरी कूस मोकळी केली. बिजली उंदरांनी कुरतडलेल्या गोणीसारखी दिसत होती, पण तिचा २०२२ चा उन्हाळा निभावला.

खरा अभ्यास पावसाळ्यात केला. बिनवायरीचं, कमी आवाजाचं नवीन यंत्र घेतलं. पहिले आठ दिवस त्याची बंद पेटी नुसती चंदीच्या घमेल्याशेजारी ठेवली. मग उघडून ठेवली. मग उघड-मीट केली. पहिल्या दिवशी घमेल्याकडे फिरकली नाही. आठव्या दिवशी पेटीला नाक लावून शिंकली.

मग आवाज. माणसाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला तेहेतीस हजारांपर्यंत. म्हणजे आपल्याला जे नुसतं गुणगुणणं वाटतं, त्यात तिला आणखी काय काय ऐकू येत असेल! म्हणून यंत्र आधी गोठ्याच्या भिंतीपलीकडे सुरू केलं, मग वीस पावलांवर. नंतर एक युक्ती केली. चालू यंत्र हातात धरून मी तिच्यापासून दूर चालू लागले आणि ह्यांनी तिला सैल दोरीने माझ्यामागून आणलं. आपल्या अंगावर येणाऱ्या वस्तूला घोडं भितं, पण पळ काढणाऱ्या वस्तूमागे ते उत्सुकतेने जातं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या पाठीला नाक लावून चालत होती.

एक नियम मात्र पाटीवर लिहून ठेवण्यासारखा. ती शांत उभी असतानाच यंत्र बंद करायचं. उडी मारल्यावर बंद केलंत, तर उडी मारली की हे थांबतं, असं ती शिकते. आणि घाबरलेली असताना जबरदस्तीने जवळ नेलंत, तर कालची कमाई आज बुडाली. ती बिचकली की मी तिथेच थांबायची; कान सैल पडले, मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं, की लगेच यंत्र बंद आणि काकडीची साल. गूळ बंद होता ना!

राहिला स्पर्श. घोड्याच्या पाठीवर माशी बसली तरी तिथलीच कातडी थरारते, इतकी ती नाजूक. मे महिन्यात सुट्टीला आलेला नातू त्याचा विजेवर चालणारा दातांचा ब्रश विसरून गेला होता. तोच मी बिजलीच्या खांद्यावर फिरवला! (नातवाला नवा घेऊन दिला, काळजी नसावी.) मग डावा तळहात तिच्या खांद्यावर ठेवून त्या हाताच्या पाठीवर चालू यंत्र टेकवलं, म्हणजे थरथर माझ्या हातातून तिच्यापर्यंत जाते. रोज पाच मिनिटं, जास्त नाही. सव्वा महिना गेला.

ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि आम्ही खरी सुरुवात केली. मामांचं मनगट तोवर जुळलं होतं. मी भीतभीतच विचारलं, "मामा, येता का?"

ते म्हणाले, "वहिनी, दोरी धरीन. पीळ देणार नाय."

"ती काठी मी चुलीत घातली," मी म्हटलं.

आता कृती लिहून घ्या. आदल्या दिवशी घोडीला न्हाऊ घालून पूर्ण वाळू द्यावे. मळक्या, ओल्या केसांत पातं अडकतं आणि ओढ बसते. पात्याला आधी तेल, मग दर पाच मिनिटांनी तेल. दर पाच मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून पाहावे. आपल्याला सोसवत नसेल तर तिलाही सोसवत नाही, थंड होईपर्यंत थांबावे. केसांच्या उलट दिशेने, लांब लांब पट्टे घ्यावेत. काखेत कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरावी, नाहीतर घडी कापली जाते. आपण खांद्याशी उभे राहावे, अगदी समोर किंवा मागे नाही. तिथलं तिला दिसत नाही. दोरी धरणारा आपल्याच बाजूला हवा. पदर खोचलेला, पायांत जाड बूट. वायरीचं यंत्र असेल तर जमीन कोरडी हवी आणि घरात वीजगळतीला खटका पाडणारं उपकरण हवंच. आणि ओठाचा तो पीळ कुणी सांगितलाच, तर पाच मिनिटांपलीकडे नाही. कान पिळणं तर कधीच नाही.

पहिल्या दिवशी खांदा आणि अर्धी मान. ती थरथरली, मी थांबले, ती सावरली, मी पुढे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग झालं. मऊ, उंदरी रंगाचं नवंच अंग बाहेर आलं. रात्री गार वारा सुटला तर पाठीवर टाकायला जुन्या गोधडीची झूल शिवली होती.

तेव्हापासून वर्षातून दोनदा हा सोहळा होतो, शिवरात्रीच्या सुमाराला आणि ऑक्टोबरात. बिजली आता फार थकली आहे. दात गेले आहेत, चंदी लापशीसारखी करून द्यावी लागते. पेटी उघडली की ती आपणहून येऊन उभी राहते असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. ती एकदा बघते, खोल श्वास घेते आणि जागची हलत नाही, एवढंच.

डोक्याला मात्र यंत्र लावू देत नाही. कानाजवळ आवाज आला की मान वर जाते. पहिल्या वर्षी मामा म्हणाले, "आणखी महिनाभर नेट धरला तर तेही जमंल." जमलं असतं कदाचित. पण मी नको म्हटलं. डोक्याचे केस मी अजूनही घरातल्या शिवणाच्या कात्रीने, वरवर, तिला हवं तेवढंच कापते.