निवडायला बसताना

मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या की कर्जत-नेरळकडून सकाळच्या लोकलने येणाऱ्या टोपल्यांत शेवळं दिसू लागतात. जांभळट तपकिरी, टोकाला निमुळती, पानाचा पत्ता नसलेली. सुरणाच्या कुळातल्या या झाडाला आधी फुलाचा दांडा येतो, पान मागाहून. आणि भाजी होते ती त्या दांड्याची. जुड्यांशेजारी हिरव्या, आंबट काकडांचे वाटे मांडलेले असतात. काकडं न घेताच निघालेल्या गिऱ्हाइकाला टोपलीवाली हाक मारून परत बोलावते. "ताई, नुसती शेवळं नका नेऊ. घसा खाजंल." ही हाक दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून नसते. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. काकडाचा रस पडला की खाज मरते, हा तिच्या घरातल्या कितीतरी पिढ्यांचा अनुभव. त्या एका वाक्यात तिने भाजीसोबत पाककृतीही दिलेली असते.

शेवळं निवडणं हे घाईचं काम नव्हे. हाताला तेल लावून बसायचं. वरचं आवरण उलगडलं की आतला दांडा दिसतो. त्याच्यावरचा पिवळा, दाणेदार भाग खाजरा. तो नेमका काढून टाकायचा आणि उरलेलं अगदी बारीक चिरायचं. मग सढळ तेलावर परतून, काकडं ठेचून त्यांचा रस घालून शिजवायचं. कायस्थ प्रभूंच्या घरांत त्यात कोलंबी किंवा खिमा पडतो, आणि या भाजीचं, शेवळाच्या कणीचं, नाव निघालं की त्या घरांतली माणसं भलतीच हळवी होतात. हळवं व्हावं अशीच ती चव आहे. पण मला त्या चवीपेक्षा पिवळा भाग कुठे सुरू होतो हे ओळखणाऱ्या बोटांचं कौतुक जास्त वाटतं. रानभाजीचा खरा स्वयंपाक विळीपाशी होतो. फोडणी तर बहुतेकींची तीच: लसूण, मिरची, कांदा, वर ओलं खोबरं.

फोडशीचंही तसंच. गवताच्या पात्यांसारखी दिसणारी ही भाजी, कुणी तिला कुलू म्हणतं. मुळाकडचा पांढरा भाग चिकट मातीने भरलेला असतो, तो पात्यापात्याने मोकळा करून धुवावा लागतो. पात्यांमधला कडक दांडा काढला नाही तर घासाघासाला तो दाताखाली येतो. हिच्याच जवळच्या नात्यातली सफेद मुसळी. त्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे, बोरिविलिॲनम. शक्तिवर्धक म्हणून मुसळीच्या मुळांना बाजारात मोठी मागणी, त्यामुळे रानातून ती उपटली जाते. भाजीला पानं खुडणाऱ्या बाया मात्र कंद जमिनीतच ठेवतात, पुढच्या पावसासाठी.

भारंगीची पानं कडू, म्हणून उकडून, पिळून, वालाच्या जोडीने करायची. करटुली येतात तेव्हा श्रावण जवळ आलेला असतो. आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून नांगराविना उगवलेलं पानात येतं. त्या दिवशीच्या भाजीत ना तेल असतं, ना मसाला. पाला, कंद, शेंगा आपापल्या चवीवर उभ्या राहतात. वर्षातून एकदा का होईना, नांगराआधीच्या माणसाचं जेवण आपण जेवतो. या व्रताच्या कहाणीतलं विटाळाचं ओझं मला मान्य नाही. पण ती भाजी मी मनापासून करते.

माझा सगळ्यात जास्त जीव मात्र टाकळ्यात. पहिल्या पावसानंतर तो माळावर, पडक्या भिंतीशी, रस्त्याकडेला आपला आपण उगवतो. त्याला रानात शोधायला जावं लागत नाही. पानाला गोलसर पर्णिकांच्या जोड्या, संध्याकाळ झाली की त्या मिटतात. चोळलं की उग्र वास येतो, त्या वासाने नवखा माणूस जुडी खाली ठेवतो. कोवळा शेंडा हीच भाजी. थोडे दिवस उलटले की पान जून होतं, कडवट लागतं, मग पिवळी फुलं आणि लांब वाकड्या शेंगा. गोव्यात त्याला तायकिळो म्हणतात आणि फणसाच्या आठळ्या घालून करतात. उन्हाळ्यात राखेत किंवा मातीत जपून ठेवलेल्या आठळ्या आषाढात कामी येतात. सरत्या ऋतूचं फळ आणि नव्या ऋतूचं पान एका कढईत पडावं, ही जोडी ज्या कुणी बाईने पहिल्यांदा जुळवली तिला माझा नमस्कार.

कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, ते भरावेतच. पण महोत्सवात भाजी शिजवलेली मिळते, आणि निवडणं शिकायचं तर टोपलीपाशी उकिडवं बसावं लागतं. काय टाकायचं, कोणतं आंबट घालायचं, किती पाण्यातून काढून पिळायचं, हे विचारलं की ती बाई हातातलं काम थांबवून सांगते. अनोळखी पाला आपल्या मनाने खुडून आणू नये. एकसारख्या दिसणाऱ्या पानांत विषारीही असतात.

टाकळा मात्र कुठून आणला, हे विचारूनच घ्यावा. शेताच्या बांधांवर आता तणनाशकं फवारली जातात आणि टाकळा, कुर्डू, घोळ ही सगळी त्या हिशेबात तणंच. हमरस्त्यालगतचा, धुळीने माखलेलाही नको. माळावरचा, ओढ्याकाठचा असेल तर दोन जुड्या जास्तच घ्याव्यात. टोपलीभर दिसतो, शिजल्यावर वाटीभर उरतो.