टोपीतील अक्षरे

ग्वाल्हेरचे लष्कर ज्यांनी पाहिले आहे त्यांना महाराज बाडा सांगावयास नको. मराठी घरांत ज्याला आपण 'वाडा' म्हणतो त्याला येथे सारे 'बाडा' म्हणतात, आणि आता आपलीही जीभ तीच झाली आहे. टाऊन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट अशा निरनिराळ्या घडणीच्या इमारतींनी वेढलेल्या या चौकाच्या परिसरातच टोपी बाजार आहे. नावावरून हा एके काळी शिरोभूषणांचाच बाजार असावा असे कोणासही वाटेल. आज मात्र येथे टोपीवाचून बोडक्या डोक्यांचीच गर्दी अधिक! अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंस दुकानांची दाटी, मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या आणि दुकानांच्या माथ्यावर जुनी घरे. खाली व्यापार आणि वर संसार अशी ही वस्ती आहे. आज वाचकांस आम्ही नेणार आहोत ते त्या वरच्या मजल्यांपैकी एका घरी.

तत्पूर्वी या भूमीविषयी दोन शब्द. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेची छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले, म्हणून त्याचे नाव लष्कर. फौजेबरोबर कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या बायकांच्या ओव्या, पाळणे आणि आरत्याही आल्या. गाण्याची तर ही पंढरीच. हद्दूखाँ-हस्सूखाँची ख्याल गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी येथेच घेतली व महाराष्ट्रात नेली. १९१८ मध्ये पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली येथे माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. अशा गावात गाणे कसे निवडावे याचेही शास्त्र होते. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत चिजा रागवार लावलेल्या आहेत. सायंकाळ झाली की सायंकाळचा राग, वर्षा आली की मल्हार. गाणे काळवेळ पाहून निवडावयाचे, हा येथील संस्कार.

आता टोपी बाजारातील त्या घराकडे वळू. कुटुंब पाच-सहा पिढ्या येथे राहणारे. गेल्या श्रावणातील एका रविवारी त्यांच्याकडे 'कराओके'चा बेत होता. हा शब्द जपानी आहे. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे 'ऑर्केस्ट्रा'चे आखूड रूप. अर्थात गायकाविना वाजणारा वाद्यवृंद. कोबे शहरातील दाइसुके इनोउए या वादकाने १९७१ मध्ये असे यंत्र सिद्ध केले. यंत्राने संगत करावयाची, पडद्यावर शब्द दाखवावयाचे आणि गाणे आपण म्हणावयाचे. ग्वाल्हेरातही वाढदिवस असो वा निवृत्तीचा समारंभ, हे यंत्र आता सर्वत्र दिसते.

परंतु यंत्रात गाणी हजारो, आणि म्हणावयाचे एक. निवडावे कसे? त्या घरातील मंडळींनी याला आपली जुनी युक्ती जोडली होती. वर्णमालेतील एकेक अक्षर चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या आजोबांच्या जुन्या काळ्या टोपीत टाकलेल्या. ज्याची पाळी त्याने टोपीत हात घालावा, चिठ्ठी उघडावी आणि त्या अक्षराने सुरू होणारे गाणे म्हणावे. टोपी बाजारात टोपीचा याहून चांगला उपयोग आम्ही तरी पाहिलेला नाही.

ही युक्ती आपल्या भेंड्यांचीच बहीण होय. भेंड्यांत शेवटच्या अक्षराला पुढचे गाणे जोडावयाचे. येथे अक्षर टोपी देते एवढाच भेद. गाण्यांच्या भेंड्यांपूर्वी शाळाशाळांतून कवितांच्या भेंड्या होत; आर्या आणि श्लोक त्यांतूनच मुलांच्या तोंडी बसत. आद्याक्षर ही स्मरणशक्तीची किल्ली आहे हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते. तुकोबांच्या गाथेच्या शेवटी अभंगांची सूची असते ती अकारविल्हेच. अभंगाला निराळे नाव नसते. पहिले शब्द हेच त्याचे नाव. चित्रपटगीतांचेही तसेच. म्हणून आपल्याकडे पहिले अक्षर सापडले की निम्मे गाणे सापडलेच.

भेंड्या खेळणाऱ्यांस आणखी एक मौज ठाऊक असते. हिंदी गाण्याची ओळ वारंवार 'है' वर थांबते, म्हणून प्रतिपक्षाच्या गळ्यात 'ह' पडतो. 'था', 'थे' आले तर 'थ' शोधताना घाम फुटतो. मराठीत भूतकाळ 'ला', 'ली', 'ले' ने होतो, त्यामुळे 'ल' पुनःपुन्हा समोर येऊन उभा राहतो. भाषेचे व्याकरण जे वर्षभर आमच्या वर्गात मुलांच्या गळी उतरत नाही, ते भेंड्यांच्या एका बैठकीत उतरते.

यंत्राची सूची मात्र बहुधा रोमन लिपीत असते. तेथे 'त' आणि 'ट' एकाच घरात, 'द' आणि 'ड' एकाच खोलीत, आणि 'ल' व 'ळ' यांत तर भेदच उरत नाही. त्या रविवारचा प्रसंग घडला तो याच ठिकाणी.

चिठ्ठ्या लिहिल्या होत्या घरातील अकरा-बारा वर्षांच्या नातीने, आणि तिने आजीच्या जुन्या अंकलिपीवरून सारी वर्णमाला उतरवून काढली होती. पाळी तिचीच आली आणि चिठ्ठी निघाली 'ळ' ची. पोरगी गोंधळली. यंत्रावर बोट फिरवून ती म्हणाली, "आजी, या अक्षराचं गाणं यात नाही." कोणी म्हणाले, 'ल' धरा. भेंड्यांतील जुनी सवलत ती हीच. नव्याने घरात आलेल्या हिंदीभाषी सूनबाईंनी विचारले, "हे अक्षर आहे तरी कशाला?" प्रश्न निष्पाप होता; परंतु खोलीतील वडीलधाऱ्यांस त्याचे उत्तर चटकन देता आले नाही.

आजी उत्तरल्या, "या अक्षराने गाणं सुरू होत नाही बाळ, पण गाण्यात ते असतं. पाळणा म्हण बघू, रामनवमीला म्हणतो तो." आणि नातीने पाळणा म्हटला. यंत्रात त्याची चाल नव्हती, म्हणून सर्वांनी टाळ्यांचा ठेका धरला. दोनदा तिने 'ळ' चा 'ल' केला, दोनदा आजींनी तिला थांबविले, आणि तिसऱ्या वेळी जीभ बरोबर टाळूकडे वळली. सूनबाईही तो उच्चार हळूच करून पाहत होत्या.

मराठीत 'ळ' ने आरंभ होणारा शब्द नाही, हे खरे. पण म्हणून तो उपरा नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. गुजराती, राजस्थानी, पंजाबी, उडिया आणि दक्षिणेच्या भाषा त्याला जपतात. प्रमाण हिंदीने मात्र तो सोडला. आपण हिंदीच्या मुलखात राहतो, हिंदीतून शिकतो आणि शिकवितो, त्या भाषेचे आपल्यावर ऋणही आहे. परंतु 'ळ' गेला की 'वेळ' ची 'वेल' होते, 'काळ' चा 'काल' होतो, 'गाळ' चा 'गाल' होतो. आणि 'मूळ' व 'मूल' यांतला फरकच उरत नाही. ज्या समाजाची मुळे दोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्या मातीत लावली गेली, त्याच्या मुलांना हे दोन शब्द वेगवेगळे उच्चारता येऊ नयेत, याला केवळ उच्चारदोष म्हणून सोडून देणे आमच्या जिवावर येते.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. पूर्वी रेडिओ सिलोन आणि विविध भारती यांनी हिंदी गाणे घरोघर आणले, तेव्हाही घरातील ओव्या बुडाल्या अशी हाकाटी झाली होती. पण त्याच रेडिओवर, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, १९५५-५६ मध्ये माडगूळकर-फडक्यांचे छप्पन्न गीतांचे गीतरामायणही ऐकविले. यंत्र जे आपण घालू तेच वाजविते. प्रश्न आहे तो आपल्या टोपीत कोणत्या चिठ्ठ्या आहेत याचा.

म्हणून आमची एक सूचना. येत्या गणेशोत्सवात आपापल्या गावी गाण्यांचा कार्यक्रम ठेवाल तेव्हा अक्षरांच्या चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहवून घ्या, आणि देवनागरीतच घ्या. त्यांत 'ळ' आणि 'ण' अवश्य असू द्या. ही दोन अक्षरे निघतील त्याने 'ल' अथवा 'न' ची पळवाट धरू नये. ज्या गाण्यात ती अक्षरे येतात असे एखादे मराठी गाणे म्हणावे, मग त्याची चाल यंत्रात असो वा नसो. शेजारी घरातील एक वडीलधारे माणूस बसवावे, म्हणजे शब्द अडला तर तेथेच मिळेल. बक्षीस नसले तरी हरकत नाही. त्या दिवशी टोपी बाजारातील पोरीला बक्षीस मिळाले नव्हते. दुसऱ्या चिठ्ठीसाठी मात्र तिचा हात टोपीत सर्वांच्या आधी गेला होता.