वहिवाट आणि मालकी

आमच्या कोकणातल्या वाडीतून विहिरीवर जाणारी शेजाऱ्यांची पायवाट कोणाच्या हक्काची, हा प्रश्न आजोबांच्या हयातीत कोणाला सुचला नव्हता. चुलत्यांना तो सुचला, त्यांनी तो मामलेदार कचेरीत नेला आणि दोन घरांमधले हळदीकुंकू बंद झाले. जेरुसलेमविषयी वाचताना मला ती पायवाट हटकून आठवते.

ख्रिस्ताची समाधी जेथे मानतात त्या देवालयात सहा ख्रिस्ती पंथ नांदतात, आणि त्यांचा परस्परांवर विश्वास इतका बेताचा, की दाराची किल्ली जुदेह या मुसलमान घराण्याच्या स्वाधीन असून दार उघडण्याचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे शतकानुशतके चालत आला आहे. कोणी कोठे झाडावे, कोणता दिवा कोणी लावावा, याचा निवाडा 1757 आणि 1852 च्या उस्मानी फर्मानांनी कायम केलेल्या वहिवाटीवर होतो. दर्शनी दारावरच्या सज्जात एक साधी लाकडी शिडी टेकलेली आहे. 1728 च्या चित्रातही ती दिसते, आणि साऱ्यांच्या संमतीवाचून तिला हात लावावयाचा नाही. या शिडीला हसणारे पुष्कळ आहेत. मी हसत नाही, कारण 2002 साली त्याच देवालयाच्या गच्चीवर एका कॉप्टिक साधूने खुर्ची सावलीत सरकवली, एवढ्यावरून हबशी साधूंशी हाणामारी होऊन अकरा जण इस्पितळात पडले. अर्थात वहिवाट म्हणजे न्याय नव्हे. ते हबशी साधू अजूनही गच्चीवरच्या खोपटांतच राहतात.

त्याच नगरीत, पश्चिम भिंतीपाशी, 1928 साली यहुद्यांनी प्रायश्चित्ताच्या सणाला स्त्रीपुरुषांमध्ये आडोसा म्हणून एक पडदा उभारला. मुसलमानांना त्यात मालकीची पहिली मेख दिसली. इंग्रज पोलिसांनी पडदा ओढून काढला, तरी मनांतली अढी गेली नाही, आणि पुढल्या वर्षीच्या दंग्यांत एकट्या हेब्रोनमध्ये 67 यहुदी मारले गेले. तेथेच कित्येक यहुद्यांना अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरांत लपवून वाचवले. साऱ्या कलहाचे खापर धर्माच्या माथी फोडणारांना माझे एवढेच विचारणे आहे, की ती किल्ली सांभाळणारे आणि ते शेजारी कोणत्या धर्माचे होते? वहिवाट सांगणाऱ्याला समोरचा माणूस मान्य करावाच लागतो. मालकी सांगणाऱ्याला तो अडचणीचा वाटू लागतो.

आमच्या पायवाटेचा निकाल चुलत्यांच्या बाजूने लागला. वाटेवर कुंपण आले, शेजारी पाण्याला येईनासे झाले, आणि कोणी उपसणारे न उरल्याने ती विहीर गाळाने भरून गेली.